सरपण विकताना: वजन, माप आणि भाव

कोकणात सरपणाचा सौदा अजून बऱ्याच ठिकाणी नजरेवरच होतो. "गाडी कितीला?", "भारा कितीला?" एवढं विचारलं की व्यवहार ठरतो. गाडी म्हणजे किती, भारा केवढा, लाकूड ओलं की सुकं, ऐनाचं की सावरीचं, हे सगळं मोघम राहतं आणि पंधरा दिवसांनी बोलाचाली होते. घेणारा म्हणतो, धूर नुसता, आच नाही. विकणारा म्हणतो, गाडी शिगोशीग भरून दिली होती. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. फक्त दोघांचं माप वेगळं असतं.

यातली एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, बाकीचा हिशेब तिच्यातूनच निघतो. वजनाने घेताना ओल बघायची, मापाने घेताना जात बघायची. पूर्ण सुकलेलं किलोभर लाकूड ऐनाचं असो की पांगाऱ्याचं, उष्णता जवळपास सारखीच देतं, किलोला साधारण साडेअठरा मेगाज्यूल (मेगाज्यूल हे उष्णता मोजायचं माप). म्हणून काट्यावर जातीने फार बिघडत नाही, बिघडतं ते पाण्याने. रचलेल्या थप्पीत उलट आहे. पाण्यामुळे थप्पीचे घनफूट फारसे वाढत नाहीत, पण त्याच घनफुटांत ऐन भरलं तर सावरीच्या दुपटीहून जास्त लाकूड येतं.

ओल किती हे आधी ठरवा

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात साधारण ४० ते ५० टक्के पाणी असतं. चुलीत ते पाणी आधी उकळून वाफ होतं, त्यात लाकडाचीच उष्णता खर्च होते आणि उरलेली भांड्याला लागते. २० टक्के ओल असलेलं लाकूड किलोला सुमारे १४.३ मेगाज्यूल देतं. ओल ३० टक्के असेल तर १२.२, ४० टक्क्यांना १०.१ आणि ५० टक्क्यांना जेमतेम ८. हेच भावात मांडायचं तर २० टक्क्यांच्या सुक्या लाकडाला किलोमागे ८ रुपये योग्य धरले, की ३० टक्क्यांच्या लाकडाची तेवढीच लायकी ६ रुपये ८० पैशांची, ४० टक्क्यांची साडेपाचाच्या जरा वर आणि ५० टक्क्यांची साडेचार रुपयांची. शिवाय ओलं लाकूड धूर करतं, भांडी काळी करतं आणि कौलांना काजळी धरते, ते वेगळंच.

ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. ते वापरताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, यंत्र ढलपीच्या, म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या, वरच्या अंगाला टोचतात. वरचं अंग दोन दिवसांच्या उन्हातही सुकतं, आत पाणी तसंच असतं. ढलपी कुऱ्हाडीने मधोमध फोडा आणि ताज्या फोडीवर, रेषांच्या दिशेने, सुया रुतवा. थप्पीच्या वरून, मधून, खालून आणि मागून मिळून निदान पाच ढलप्या तपासा आणि सरासरी काढा. दुसरी चूक हिशेबाची आहे. ही यंत्रं पाण्याचं प्रमाण सुक्या लाकडाच्या वजनावर दाखवतात, आपण बोलतो ते एकूण वजनावर. यंत्रावर २५ आलं तर एकूण वजनात पाणी २० टक्के. यंत्राचा आकडा भागिले (१०० अधिक तोच आकडा), गुणिले १००, असं गणित आहे. यंत्रावर ३० च्या पुढचे आकडे भरवशाचे नसतात, त्यांचा अर्थ "ओलं आहे" एवढाच घ्यायचा. खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लाकडावरही यंत्र चुकतं, कारण मिठामुळे वीज सहज वाहते आणि आकडा फुगतो.

यंत्र नसेल तर तराजू पुरतो. पाच-सहा ढलप्यांच्या मधल्या भागातून बारीक झिलप्या काढा आणि बरोबर २०० ग्रॅम मोजा. बेकरीची भट्टी निवत आली असताना तिच्यात किंवा घरच्या ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर त्या सुकवा. मधून मधून वजन करा. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की थांबा. २०० चे १५० ग्रॅम राहिले तर ५० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओल २५ टक्के. झिलप्या करपू देऊ नका. करपल्या की लाकूडच जळून वजन घटतं आणि ओल आहे त्यापेक्षा जास्त निघते.

रोजच्या व्यवहाराला खुणाही उपयोगी आहेत. दोन सुक्या ढलप्या एकमेकींवर आपटल्या की ठणठणीत आवाज येतो, ओल्यांचा बद्द येतो. सुक्या लाकडाच्या टोकाला मधोमध निघालेल्या चिरा दिसतात, साल हाताने सुटते. ताजी फोड गालाला लावून बघा: ओलं लाकूड गार लागतं. पण ऐनाच्या जाड ढलप्यांना टोकाच्या चिरा लवकर पडतात आणि पोटात ओल राहते, म्हणून नुसत्या चिरा बघून सौदा करू नका.

विकणाऱ्याने तर खुणेच्या ढलप्या ठेवाव्यातच. थप्पी रचताना वेगवेगळ्या जाडीच्या पाच ढलप्यांवर रंगाने आकडे घाला, वजन वहीत लिहा आणि हात पोचेल अशा जागी त्या थप्पीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढून वजन करा. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग सावकाश. दोन पंधरवडे वजन हललं नाही की त्या मोसमात लाकूड जेवढं सुकायचं तेवढं सुकलं.

काट्यावर

टनभर किंवा त्याहून जास्त माल असेल तर भुईकाट्याशिवाय सौदा करू नये. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी ही दोन्ही वजनं त्याच काट्यावर, त्याच दिवशी करायची. रिकाम्या गाडीचं वजन आरसी बुकातून किंवा जुन्या पावतीवरून घेऊ नका. भरलेल्या वजनाला दोन माणसं आणि भिजलेली ताडपत्री गाडीत आणि रिकाम्या वजनाला दोन्ही खाली, एवढ्यानेच दीडशे-पावणेदोनशे किलोंचा फरक पडतो. चालक दोन्ही वेळी बसलेला असावा, नाहीतर दोन्ही वेळी खाली उतरलेला.

भुईकाट्याचा आकडा बहुतेक ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने पुढे सरकतो. दोन टनांना ते चालतं. तीनशे किलोंसाठी मात्र १० किलो म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. तेवढ्या मालाला दुकानातला मोठा इलेक्ट्रॉनिक काटाच बरा. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू पडताळणीचा शिक्का आहे का हे बघायला लाजू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र समोर लावलेलं असतं.

मणात बोलू नका. आज कुणी मण म्हणजे ४० किलो धरतो, पण जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंचाही नव्हता, आणि सरकारी मण सव्वासदतीस किलोंचा होता. जुन्या माणसांच्या बोलण्यातला मण कुठला, हे समोरच्याला कळेलच असं नाही. दर किलोचा किंवा टनाचा सांगा आणि लिहून द्या.

थप्पी मोजताना

काटा जवळ नसेल तर रचलेली थप्पी मोजतात. वाळू-खडीसारखं इथेही ब्रास चालतं: १०० घनफूट म्हणजे १ ब्रास, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. लांबी गुणिले उंची गुणिले खोली. यातली खोली म्हणजे ढलपीची लांबी, आणि नेमकी तीच मोजायची राहून जाते. १० फूट लांब, ५ फूट उंच थप्पीत ढलप्या २ फुटी असतील तर बरोबर एक ब्रास भरतं. दीड फुटी असतील तर ७५ घनफूटच. समोरून दोन्ही थप्प्या सारख्याच दिसतात. म्हणून बाजूला जाऊन टेप धरा आणि दहा ढलप्यांची लांबी मोजून सरासरी घ्या.

उंची एका जागी मोजून भागत नाही. दोन्ही टोकांना, मध्ये आणि त्यांच्या अधेमधे अशी पाच ठिकाणी मोजा. अंगण उताराचं असेल, आणि आपल्याकडे ते असतंच, तर वरच्या अंगाला थप्पी बुटकी भरते. खाली चिरे मांडून त्यावर थप्पी असेल तर उंची चिऱ्यांच्या वरून धरायची. टोकं पडू नयेत म्हणून तिथे ढलप्या आडव्या-उभ्या चौकटीत रचतात. त्या चौकटींत पोकळी फार असते, म्हणून त्यांची लांबी निम्मीच धरा किंवा टोकांना खुंट ठोकून सरळ रचून घ्या.

आता पोकळीचं. १०० घनफुटांच्या थप्पीत १०० घनफूट लाकूड कधीच नसतं. सरळ, फोडलेल्या, नीट रचलेल्या ढलप्यांत ६० ते ७० घनफूट लाकूड असतं. काजूच्या किंवा आंब्याच्या वाकड्यातिकड्या फांद्यांत ४५ ते ५५. टेंपोत नुसतं फेकून भरलेलं असेल तर ४० च्या आसपास. म्हणून हौदा मोजून "सव्वा ब्रास आहे" असं कुणी म्हणालं, तर तो माल रचल्यावर पाऊण-एक ब्रासच्या मधेच कुठेतरी भरणार. त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण सौदा सैल मापाचा की रचलेल्या मापाचा, हे आधी बोललं पाहिजे. असाच आणखी एक वाद होतो. तीन फुटी लाकडांची एक ब्रास थप्पी घेऊन ती घरी एक-एक फुटाची कापून रचली, तर ती ब्रासभर भरत नाही. आखूड तुकडे जवळ जवळ बसतात, दहा ते वीस टक्के माप कमी दिसतं. लाकूड तेवढंच असतं.

पोकळी खरोखर किती आहे हे टेपनेच मोजता येतं. थप्पीच्या दर्शनी अंगावर एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे टेप तिरका ताणून धरा. १० फुटांच्या टेपखाली जिथे जिथे लाकूड आहे तेवढ्याच इंचांची बेरीज करा, फटी सोडून द्या. १२० इंचांपैकी ७५ इंच लाकूड आलं तर भरणा सुमारे ६२ टक्के. दुसऱ्या तिरप्या रेषेवर तेच करा, मग थप्पीच्या मागच्या अंगालाही. पुढे ६५ आणि मागे ४५ आलं, तर समोर निवडक ढलप्या लावून आत बारीक फांदोरा कोंबला आहे, असं समजा. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि वाद मिटतो.

ज्यांना वर्षभर विकायचं आहे त्यांनी लाकडाची एक चौकट करून ठेवावी: २ फूट लांब, २ फूट खोल, अडीच फूट उंच. म्हणजे बरोबर १० घनफूट. आपल्याकडच्या प्रत्येक जातीचं सुकं लाकूड तिच्यात नेहमीसारखं रचा, मग सगळं काढून वजन करा. दहाने गुणलं की त्या जातीच्या एका ब्रासचं वजन मिळालं. भरणा ६० टक्के असेल तर सुक्या ऐनाचे १४० ते १४५ किलो येतात, आंब्याचे १०५ च्या आसपास, सावरीचे साठच. म्हणजे ऐनाचा ब्रास साधारण १,४०० किलोंचा, आंब्याचा हजाराच्या जरा वर, सावरीचा ६०० चा. तिन्ही ब्रास एका भावाने विकणारा सावरीवर गिऱ्हाईक गमावतो आणि ऐनावर पैसे.

जातींचा अंदाज यायला सुक्या लाकडाचं घनमीटरचं वजन ढोबळ धरा. ऐन आणि सुरू ८५० किलोंच्या घरात, किंजळ आणि जांभूळ साडेसातशेच्या आसपास, अकेशिया साडेसहाशे ते सातशे, आंबा सव्वासहाशे, काजू पाचशेच्या आगेमागे, सावर साडेतीनशे, पांगारा त्याहून हलका. जड लाकडाचा निखारा टिकतो, म्हणून भाकरीच्या तव्याला, बेकरीला आणि मोठ्या हंड्याला ऐन, किंजळ, सुरू मागतात. हलकं लाकूड पटकन पेटतं आणि पटकन विझतं. चहाच्या टपरीला, आंघोळीच्या पाण्याला तेही चालतं. वजनाने विकतानाही जड लाकडाला किलोमागे रुपया-आठ आणे जास्त मागणं रास्त आहे, कारण ते रचायला जागा कमी लागते आणि चुलीत सारखं सारावं लागत नाही.

भारा आणि ओंडका

भाऱ्याचा भाव ठरवताना दोरीने घेर मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १२.५७, हे भाऱ्याचे घनफूट, सगळी मापं फुटांत घेऊन. ३ फूट घेर आणि ३ फूट लांबी असेल तर २.१५ घनफूट येतात. त्यातलं निम्मं लाकूड आणि निम्मी पोकळी धरली तर मध्यम जातीच्या सुक्या लाकडाचे सुमारे २१ किलो होतात. घेर साडेतीन फूट झाला तर भारा नजरेला जरासाच मोठा दिसतो, पण त्यात छत्तीस टक्के जास्त लाकूड असतं. डोक्यावरून भारे आणून विकणाऱ्या बाईचं नुकसान इथेच होतं: गिऱ्हाईक "जरा मोठा बांध" म्हणतं आणि भाव तोच ठेवतं. घेराची एक दोरी गाठ मारून ठेवा, गाठ पुरली की भारा पुरा. आठवड्यातून एकदा चार-पाच भारे काट्यावर घालून सरासरी वजन बघा.

गोल ओंडका याच सूत्राने मोजतात. घेर दोन्ही टोकांना आणि मध्ये घेऊन सरासरी काढायची. ३ फूट घेराचा, १० फूट लांबीचा ओंडका सव्वासात घनफुटांच्या जरा आत भरतो, आणि ओला असताना घनफुटाला २८-३० किलो धरले तर त्याचं वजन दोनशे किलोंच्या आसपास येतं. लाकडाच्या वखारीत मात्र घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. कापताना वाया जाणारं लाकूड गृहीत धरून केलेलं ते माप आहे आणि ते खऱ्या आकारमानाहून एकवीस-बावीस टक्के कमी येतं. सरपणात काहीच वाया जात नाही. वखारीच्या मापाने घेऊन वजनाने विकणाऱ्याला हा फरक मिळतो. बागेतलं वठलेलं झाड विकणाऱ्या बागायतदाराने तरी सौदा कुठल्या मापाने चालला आहे हे विचारावंच.

भाव काढायची रीत

नवीन माणूस इथेच बुडतो. खर्च ओल्या वजनावर वाटतो आणि विकतो सुकं.

पुढचे रुपये केवळ उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावचे घाला. समजा दोन टन ओलं लाकूड मिळालं, ओल ४५ टक्के. उभ्या झाडाचे ३,००० रुपये दिले, तोड आणि खांडणीला २,०००, फोडणीला २,२००, गाडीला १,५००, रचणी-झाकणीला ८००. एकूण ९,५०० रुपये. दोन हजाराने भागलं तर किलोला पावणेपाच रुपये येतात, म्हणून सहा रुपयांनी विकावं, सव्वा रुपया सुटेल, असं वाटतं. पण २० टक्क्यांपर्यंत सुकल्यावर ते लाकूड किती राहतं? ओलं वजन गुणिले (१०० वजा जुनी ओल), भागिले (१०० वजा नवी ओल). २,००० गुणिले ५५ भागिले ८० म्हणजे १,३७५ किलो. साल आणि भुसा यांत तीन टक्के गेले, राहिले सुमारे १,३३४. खरा खर्च किलोला ७ रुपये १२ पैसे. सहाने विकलं तर हातात ८,००४ रुपये येतात आणि दीड हजार खिशातून जातात. चार महिने पैसे अडकून पडले त्याचं व्याज यात धरलेलंच नाही.

म्हणून आधी सुकं वजन काढा, त्याने सगळा खर्च भागा, त्यावर जागेचं भाडं आणि व्याज घाला, मग नफा. घरपोच देणार असाल तर गाडीभाडं भावात मिसळू नका, वेगळं सांगा. नाहीतर जवळचं गिऱ्हाईक लांबच्याचं भाडं भरतं.

वरची मर्यादा गॅस ठरवतो. हॉटेलवाला मनात हाच हिशेब करतो, तेव्हा आपणही करावा. १९ किलोंच्या व्यावसायिक सिलिंडरमधली उष्णता ८७० मेगाज्यूलच्या जरा वर. शेगडीवर तिच्यातली ६० टक्के भांड्याला लागते असं धरा. उघड्या भट्टीत लाकडाच्या उष्णतेचा पाचवाच भाग कामी येतो. या हिशेबाने एका सिलिंडरचं काम करायला २० टक्के ओलीचं सुमारे १८० किलो लाकूड लागतं. सिलिंडर १,८०० रुपयांना असेल तर लाकडाला किलोमागे १० रुपयांच्या वर तो देणार नाही, आणि धूर, राख, भट्टीवरचा माणूस मोजून त्याहून कमीच देईल. मुंबईच्या बेकऱ्यांवर भिस्त ठेवून माल साठवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की, जानेवारी २०२५ मधल्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं गेलं आहे.

अंत्यविधीच्या लाकडाचा हिशेब वेगळा ठेवा. एका चितेला साधारण तीनशे किलो सुकं लाकूड लागतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. लांब, जाड ओंडके खाली आणि बारीक फोड वर अशी मिळून जोडणी द्यावी लागते. त्या वेळी कुणी काटा बघायला उभं राहत नाही, म्हणूनच ते वजन आधी करून, वेगळं रचून, कोरडं झाकून ठेवलेलं असावं.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

नोव्हेंबर-डिसेंबरात तोडून लगेच तीन-चार इंच जाडीचं फोडलेलं लाकूड एप्रिल-मेपर्यंत विकायच्या लायकीचं होतं. सालीसकट गोल ठेवलेलं होत नाही. साल पाणी बाहेर सोडत नाही, आत ओल कोंडते आणि पुढे बुरशी येते. जमिनीवर चिऱ्यांच्या दोन रांगा, त्यावर बांबू किंवा सुपारीच्या फाळ्या, मग थप्पी. भिंतीपासून हातभर अंतर सोडा, नाहीतर वाळवी भिंतीवरून थेट लाकडात उतरते. झाकण फक्त वरून घाला, झापं किंवा पत्रा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आतली वाफ आतच राहते.

मृग लागायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये बेगमीची घाई असते, भाव चढतो आणि अर्धवट सुकलेला मालही खपतो. घेणाऱ्याने बेगमी मार्चमध्येच करावी. तेव्हा ओलसर माल मिळाला तरी स्वतःच्या अंगणात सुकवायला दोन महिने ऊन असतं, फक्त भाव ओलीच्या हिशेबाने द्यायचा.

जून ते सप्टेंबर लाकूड पावसात न भिजताही हवेतली ओल ओढतं. मेमध्ये १३ टक्के ओल असलेलं १,००० किलो लाकूड पडवीत झाकून ठेवलं आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याची ओल १९ टक्क्यांवर गेली, तर वजन सुमारे १,०७४ किलो भरतं. लाकूड तेच, ७४ किलो पाणी हवेतून आलं. श्रावणात किलोवर विकणाऱ्याने ही वाढ लक्षात घेऊन ओलीचा आकडा सांगावा. घेणाऱ्यानेही १९-२० टक्क्यांच्या मालाला ओला म्हणून नाकारू नये, त्या हवेत त्याहून फार सुकं लाकूड राहत नाही.

काजूचं आणि आंब्याचं सरपण दुसऱ्या पावसाळ्यावर टाकू नका. भुंगा लागतो, पीठ पडतं आणि वजन घटतं. आधी हे विका, ऐन-किंजळ मागे ठेवा.

किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड सरपणात मिसळू नये. त्यातलं मीठ लोखंडी चूल आणि जाळी खातं. होड्यांच्या रंगवलेल्या फळ्या तर स्वयंपाकाच्या चुलीत अजिबात नकोत. बिब्ब्याचं लाकूड भाऱ्यात आलं तर बाजूला काढा, त्याच्या चिकाने आणि धुराने अंग सुजतं.

परवानगी आणि पावती

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, साग, हिरडा ही झाडं आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. काजू, सुरू आणि अकेशिया त्या यादीत नाहीत, पण वाहतुकीच्या पासाचे नियम वेगळे आहेत. म्हणून गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन त्या जातीला पास लागतो का, हे विचारून घ्या. नाक्यावर अडकलेल्या गाडीचा एक दिवस सगळा नफा खातो. तिवरांना हात लावायचा नाही. खारफुटीची तोड उच्च न्यायालयाने २००५ मध्येच थांबवली आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातही न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडबंदीचा आदेश दिला, तेव्हा तिथलं लाकूड स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. परवानगीचा कागद आणि पासाची प्रत विकणाऱ्याकडून मागून घेणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे.

जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, पण पावती हवीच. तारीख, जात, ढलपीची लांबी, ओलीचा आकडा आणि तो कसा मोजला, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, दर, गाडीभाडं वेगळं. थप्पीचा सौदा असेल तर लांबी, उंची, खोली आणि "रचलेलं माप" हे शब्द. मिश्र माल असेल तर प्रत्येक जात अंदाजे किती, तेही लिहा. दोघांच्या सह्या घ्या आणि काट्याची चिठ्ठी त्याच पावतीला टाचून ठेवा. चिठ्ठीवरची शाई पावसाळ्यात उडते, म्हणून तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.